बारक्या दारापाशी उभा राहतो

प्रिय धाकट्या,

दादाचे तुला आणि घरातल्या सगळ्यांना आशीर्वाद. पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. बारक्या तुझ्याकडून शिकून परत आला त्याला तीन आठवडे झाले, आणि पोचल्याच्या चार ओळीसुद्धा मी लिहिल्या नाहीत. तीनदा बसलो, तीनदा कागद फाडला. तुझी कंबर कशी आहे? माझे गुडघे आहेत तसेच आहेत (डावा जास्त). वहिनी ठणठणीत आहे, मला बोलताना तिला अजून दम लागत नाही.

शिंगरू तू झकास तयार केलंस. वर्षभरात केवढं उंच झालं! आपल्या या जुन्या जातीचे घोडे आता मोजकेच उरलेत, म्हणून तो गाडीतून उतरला तेव्हा माझा जीव टांगणीला लागला. कळपाने आत घेतलं नाही तर? मागे एका परत आलेल्या घोडीला बाकीच्यांनी चावून चावून कुंपणाबाहेर काढलं होतं, आठवतं ना? म्हणून वडील करायचे तेच केलं. कळपातल्या घोडीच्या अंगावर घालायचं पांघरूण घेतलं आणि बारक्याला मानेपासून शेपटीपर्यंत चोळलं, म्हणजे घरचा वास लागावा. डोळ्यांवर चष्मा नव्हता (तो नंतर कोंड्याच्या पिंपात सापडला, कसा ते वहिनीला विचारू नकोस). खुंटीवरून हाताला आलं ते ओढलं, आणि ते निघालं थोरलीचं. चार महिन्यांपूर्वी गेलेल्या घोडीचं पांघरूण मी तिच्याच पोराला चोळून बसलो!

फाटक उघडलं. एरवी कान मागे टाकून अंगावर धावणाऱ्या सातही घोड्या गप्प उभ्या राहिल्या. मग दोन्ही बाजूंना सरकल्या, मधे वाट ठेवून. एकही खिंकाळली नाही. बारक्या त्या वाटेने सरळ हौदाशी गेला, आणि तो पिईपर्यंत कुणी पाण्याला तोंड लावलं नाही. हा मान आजवर फक्त थोरलीचा होता. अडीच वर्षांचं पोरगं, आणि त्याच्यामागे म्हाताऱ्या घोड्यांची रांग! आधी मला हसूच आलं. मग तो कुरणात निघाला आणि मधेच वळसा घालून गेला. तिथे काही नाही रे. तिथलं झाड तो जन्मायच्या आधीच वादळात पडलं, खोडसुद्धा मी उपटून काढलं. त्या नसलेल्या झाडाला वळसा एकटी थोरली घालायची. आता आठही घालतात.

वहिनी म्हणते, "अहो, लहानपणी आईच्या मागे मागे हिंडला, तेव्हाच शिकला. त्यात घाबरायचं काय?" मला पटलं. तरी पांघरूण दोनदा धुतलं, बारक्यालाही साबण लावून आंघोळ घातली. आता त्याला साबणाचा वास येतो, पण घोड्या तशाच वाट देतात. जनावरांचा डॉक्टर बोलावला, तर तो म्हणाला, "घोडा उत्तम आहे आजोबा, तुमची नाडी दाखवा." काल हौद घासताना बारक्या मधे आला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो, जरा सरकता का?" मागून वहिनी, "एवढ्या वर्षांत मला कधी 'जरा' म्हणाला नाहीत!"

हे सगळं चालेल. पण रोज दुपारी चारला तो कळप सोडून स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी येतो. थाप मारत नाही. पुढचा डावा पाय उचलतो आणि तसाच धरून उभा राहतो. कुंपणापाशी सातही घोड्या दाराकडे तोंड करून थांबतात. मी दार उघडलं की तो माझ्याकडे बघतो, पाय खाली ठेवतो आणि जातो.

तुझा,
दादा

ता. क. तुझी दोरी गाडीवाल्याबरोबर परत पाठवली आहे.

आणखी एक. थोरली झोपेत गेली असं मी तुला कळवलं होतं. ते खरं नाही. त्या दुपारी चारला ती मागच्या दाराशी आली आणि डाव्या पायाने थापा मारत राहिली. वहिनी बाहेर गेली होती. मी तापाने अंथरुणात, म्हटलं खाऊ मागतेय, मारू दे. थापा थांबल्या तेव्हा मला बरं वाटलं. नंतर उंबऱ्याशीच पडलेली दिसली. वहिनीलाही हे ठाऊक नाही, आणि बारक्या तर तेव्हा तुझ्याकडे होता.

म्हणून विचारतो. तुझ्या दाराशीही तो असाच पाय उचलून उभा राहायचा का? राहत असेल तर ती सवय, मग काही प्रश्नच नाही. नसेल राहत, तरी राहायचा असंच लिही. अक्षर मोठं काढ, तुझं उत्तर मला वहिनीकडून वाचून घेता येणार नाही. आणि लवकर लिही रे, चार वाजत आलेत.