दुधाबरोबर घेतलेल्या गोळ्या

अव्वा, आज नातीच्या टेबलावर कॅप्सूलचं पाकीट दिसलं आणि हात थबकला. सोळाची झाली आहे ती, आणि तोंडभर मुरमं. इथे जुळे सोलापुरात आमच्या घरापासून दोन चौकांवर कातडीच्या रोगांची डॉक्टरीण बसते, तिने सहा आठवड्यांच्या गोळ्या दिल्या आहेत. कशाबरोबर घ्यायच्या, कधी घ्यायच्या, उन्हात गेलं तर चालेल का, सगळं पोरीनं स्वतः विचारलं आणि मोबाइलमध्ये टिपून घेतलं. मी शेजारच्या खुर्चीत पर्स मांडीवर घेऊन बसले होते. मला कुणी काही विचारलं नाही. घरी आले, चहा झाला, आणि तुला, माझ्या आईला, लिहायला बसले. तू जाऊन अठ्ठावीस वर्षं झाली. उशीर झाला म्हणायलाही लाज वाटावी इतका उशीर झाला आहे, पण त्या दुधाचं तुला सांगायचं राहूनच गेलं.

बहात्तरचा दुष्काळ सरून वर्ष झालं होतं आणि मी नुकती कॉलेजात जाऊ लागले होते. आपल्या घरातली पहिलीच मुलगी. अप्पांच्या धान्याच्या दुकानात कुणी बाई ज्वारी घ्यायला आली, की तू आतून उगाच मला हाक मारायचीस आणि ‘कालिजातनं आली का गं?’ असं तिला ऐकू जाईल अशा आवाजात विचारायचीस. मी समोर बसलेली असायचे तरी विचारायचीस. तुला स्वतःला अक्षर येत नव्हतं, अक्कलकोटाकडच्या तुझ्या गावात मुलींना शाळा नव्हतीच, म्हणून माझी वह्या-पुस्तकं तू पदरानं पुसून ठेवायचीस. आणि नेमकं त्याच वर्षी माझं तोंड बिघडलं. कपाळावर दोन आणि हनुवटीवर चार म्हणता म्हणता गाल असे भरले की हसलं तरी दुखायचं. गल्लीतली प्रत्येक बाई वैद्य झाली. कुणी मसूर वाटून लाव म्हणाली, कुणी कडुलिंब, कुणी सहाणेवर चंदन. तू तर मंगळवेढ्याच्या ज्वारीचं पीठसुद्धा दह्यात कालवून लावलंस. दुकानातलं निम्मं धान्य माझ्या गालांना लागलं आणि गुण कशाचाच आला नाही. शेवटी तू पूजा झाल्यावर माझ्या कपाळाबरोबर गालांवरही विभूतीची बोटं ओढायला लागलीस. ती मी फाटकाच्या बाहेर पडल्याबरोबर रुमालानं पुसून टाकायचे, हे तुला ठाऊक होतं असं मला वाटतं.

वर्गात मागच्या बाकावरची मुलं काय बोलायची ते मी तुला कधी सांगितलं नाही आणि आताही सांगत नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर मी कॉलेजला जायचं नाही म्हणून बसले. तू भाकरी थापत होतीस. परातीतला हात तसाच ठेवून माझ्याकडे वळलीस. ‘कालिज सोडतीस? तोंडासाटी? पुस्तक काय तुजं तोंड बघून शिकवतंय व्हय गं?’ इतकं चिडलेलं मी तुला क्वचितच पाहिलं होतं. अप्पांना मात्र हे बरंच वाटलं. ‘बसू दे की घरात,’ ते म्हणाले. ‘वर्षाच्या आत स्थळ बघतो.’ तेव्हा तू त्यांच्यासमोर उभी राहून म्हणालीस की मोठ्या डॉक्टराला दाखवू, औषध संपेपर्यंत कुणी स्थळाचं नाव काढायचं नाही. अप्पांनी तीन महिने दिले. तीन महिन्यांत चेहरा सुधारला आणि मी परत गेले तर कॉलेज, नाहीतर लग्न. आपल्या घरात एवढा स्पष्ट करार पहिल्यांदाच झाला असेल.

डॉक्टरांचा दवाखाना मला अजून दिसतो. हिरवा पडदा, आतलं बोललेलं सगळं बाहेर ऐकू येतंय, आणि बाकावर तू चपला काढून पाय वर घेऊन बसली आहेस. तपासून झाल्यावर कंपाउंडरनं खिडकीतून हाक मारली. तू मला पुढे ढकललंस. ‘तू जा. तू शिकलेली हायस, नीट ऐकून घे. मला काय कळतंय त्यातलं.’ मी गेले. त्यानं कागदी पुडीत कॅप्सूल मोजून घातल्या, वर टेट्रासायक्लीन असं इंग्रजीत लिहिलं आणि सांगितलं, ‘हे बघ ताई, सकाळी एक, संध्याकाळी एक. खायच्या आधी तासभर, उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. दूध, दही, ताक काय घ्यायचं न्हाय बरं का, न्हायतर गोळी अंगाला लागत न्हाय. आन उन्हात हिंडायचं न्हाय.’ सोलापुरात राहून उन्हात हिंडायचं नाही, याचं मला हसू आलं. तेच हसत हसत तुझ्याकडे आले आणि उन्हाचं तेवढं आधी सांगितलं. मग उपाशीपोटीचं सांगितलं. दुधाचं सांगणार होते, पण तेवढ्यात टांगा मिळाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू पूजेला बसली होतीस. तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग, डोळे मिटलेले, शेजारी नैवेद्याचं दूध साखर घालून ठेवलेलं. आम्ही पाच भावंडं. दूध यायचं ते अप्पांच्या चहाला आणि धाकट्याला, उरलंच तर विरजणाला. मला दूध पिऊन किती वर्षं झाली होती मला आठवत नव्हतं. पूजा आटोपून तू उठलीस, तो पेला उचललास आणि माझ्या हातात गोळीबरोबर दिलास. ‘असली उष्ण गोळी, आन उपाशीपोटी? आतडं जळंल की. परसादाचं हाय, कुडी.’ कुडी, म्हणजे पी. लाड आला की तुझ्या तोंडी कानडी यायचं. मी पेल्याकडे पाहिलं. वर साय आली होती. मी तोंड उघडलं, ते गोळी टाकायला. प्रसादाला नाही कसं म्हणायचं, असं मी स्वतःला समजावलं आणि उद्या सांगू असं ठरवलं.

मग तो रोजचाच नेम झाला. सकाळी नैवेद्याचं दूध, संध्याकाळच्या गोळीला दुपारचं उरलेलं अर्धा पेला. तू तुझा सकाळचा चहा बिनदुधाचा घ्यायला लागलीस आणि ‘मला तसाच आवडतो’ असं म्हणालीस. दूध पिऊन होईपर्यंत तू माझ्यासमोर पाटावर बसायचीस. एरवी दिवसभरात तुला असं बसलेलं कुणी पाहिलंच नव्हतं. धाकटा रडायचा, अप्पा हाक मारायचे, तू म्हणायचीस, ‘थांबा जरा, हिचं औषध चाललंय.’ माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे करायचीस आणि मोजायचीस. काल सात होती, आज सहा हायत. सहा कधीच नसायची अव्वा, पण तू सहाच मोजायचीस. मला पेला लवकर संपवावासा वाटायचा नाही. उद्या सांगू, उद्या सांगू करत तीन महिने गेले.

तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस डॉक्टरांनी माझा चेहरा उजेडात वळवून पाहिला आणि कपाळाला आठ्या घातल्या. गुण कसा नाही, म्हणाले. गोळ्या रोज घेते का? उत्तर तू दिलंस, अगदी ताठ बसून. ‘येक दिस चुकलं न्हाय डाक्टरसायेब. मी सोता देतोय न्हवं. दुदाबरोबर.’ बायकांनीही ‘देतो’ म्हणायची तुझ्या माहेरची रीत. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. ‘दुधाबरोबर? अहो बाई, तीन महिन्यांचं औषध तुम्ही दुधात बुडवून टाकलंत. तुम्हाला कुणी सांगितलं हा शहाणपणा करायला? पोरीचं वाटोळं अशानंच होतं.’ पडद्याबाहेर बाकावर माणसं बसली होती. तू माझ्याकडे पाहिलंस. रागानं नाही. आपल्याला न कळलेलं काहीतरी शिकलेल्या मुलीला विचारावं तसं पाहिलंस. मी पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत होते.

बाहेर आल्यावर तू चपला घालता घालता थांबलीस. ‘त्या खिडकीतल्या मानसानं तुला सांगितलं हुतं का गं दुदाचं?’

‘नाही,’ मी म्हणाले.

‘त्याला इचारू का मग? त्यानं सांगाया पायजे हुतं की.’ तू खिडकीकडे वळलीस. मी तुझा दंड धरला आणि चल चल, टांगा जाईल, असं म्हणत तुला ओढलंच. टांग्यात तू स्वतःशीच म्हणालीस, ‘त्यो तरी काय करनार. मीच आडाणी.’

घरी अप्पा वाटच पाहत होते. मला वाटलं, संपलं, आता स्थळ. मी माजघरात उभी होते आणि तू दुकानाच्या उंबऱ्यात. तुझा आवाज अजून ऐकू येतो. ‘चूक पोरीची न्हाय. माज्या हातनं झालीया. मी दूद दिलं म्हणून औषध वाया गेलं. आनखी तीन म्हयनं द्या, मग तुमी म्हणाल ते.’ त्या स्थळाच्या वेळेखेरीज अप्पांना तू कधी उलट बोलली नव्हतीस आणि तू चूक कबूल केलेलीही त्यांनी कधी ऐकली नव्हती. तुझ्या हातून चूक होऊ शकते हेच त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी तीन महिने दिले. म्हणजे मी जी शिकले, बी.ए. झाले, कचेरीत लागले, पेन्शन घेऊन इथे पंख्याखाली बसून तुला लिहिते आहे, ते सगळं त्या उंबऱ्यातल्या तुझ्या दोन वाक्यांवर उभं आहे. आणि ती दोन्ही वाक्यं खोटी होती. तुला माहीत नव्हतं, मला माहीत होतं.

दुसऱ्या खेपेला गोळ्या नुसत्या पाण्याबरोबर घेतल्या. पोटात इतकं ढवळायचं की मी मोरीपाशी बसून राहायचे. तू शेजारी उभी राहायचीस, माझी पाठ चोळायचीस, एकदा सवयीनं दुधाच्या पेल्याकडे हात गेला तर चटका बसल्यासारखा मागे घेतलास. पाटावर बसणं मात्र तू बंद केलंस. सहा-सात आठवड्यांत मुरमं खरंच बसायला लागली. उन्हाळ्यात मी पदर न ओढता दारात उभी राहू लागले आणि जूनमध्ये परत कॉलेजात गेले. तू दुकानाच्या पायरीवर आलीस, लांबपर्यंत पाहत राहिलीस. गालांवर खड्डे तेवढे राहिले. ते आजही आहेत.

मला वाटलं होतं हे सगळं तू विसरशील. तू विसरली नाहीस. माझ्या मुलीला लहानपणी ताप आला आणि मी तिला गोळी देऊन दुधाचा पेला पुढे केला, तेव्हा तू माझ्या हातातून तो काढून घेतलास. ‘बेडा. नगं गं. माज्या हातनं तुजं तोंड गेलंय, आता हिचं तरी नीट राहू दे.’ मी आतून पाणी आणलं. शेजारणीलाही तू सांगायचीस, नातेवाइकांतही सांगायचीस, औषधाबरोबर दूध देऊ नका, मी माझ्या लेकीचं नुकसान केलंय. लोकांना तुझं कौतुक वाटायचं. मी तिथेच बसलेली असायचे.

आणि ती दुपार. नवऱ्याकडच्या एका लग्नात कुणीतरी माझ्या गालांबद्दल काही बोललं, मी तणतणत तुझ्याकडे आले. तू कडक भाकरीसाठी पातळ भाकरी लाटत होतीस. मी तिशी ओलांडलेली, दोन मुलांची आई, तुझ्या स्वयंपाकघरात उभी राहून म्हणाले, ‘तुझ्या त्या दुधानं माझं आयुष्यभराचं तोंड बिघडवलं.’ हे मला खरंच वाटायला लागलं होतं अव्वा. इतकी वर्षं तू सांगत होतीस, मीही ते ऐकून ऐकून मानलं होतं. आरशासमोर उभी राहिले, की तुझ्यावर रागवायला सोपं पडायचं. तू लाटणं थांबवलं नाहीस. ‘व्हय गं,’ म्हणालीस, ‘खरं हाय.’ आणि गरम भाकरी माझ्या पुढ्यात ठेवलीस, शेंगाचटणी वाढलीस, वर तेल घातलंस. मी ती खाल्ली.

त्यानंतर तू अकरा वर्षं होतीस. शेवटच्या आजारात तर रोज संध्याकाळी मी तुझ्या उशाशी बसत होते. तुला गोळ्या मीच देत होते, पाण्याबरोबर. सांगायला वेळ नव्हता असं मला म्हणता येणार नाही. तुझ्या माहेरची पत्रं यायची ती मी तुला वाचून दाखवायचे, काही वाईट असेल तर तेवढं गाळून. तू विश्वासानं मान हलवायचीस. आता हे पत्र घेऊन मी कुठे जाऊ आणि तुला ते कोण वाचून दाखवणार? वाचणारी मीच होते. म्हणून हे घडी घालून पासबुकाच्या पिशवीत ठेवते आहे. मुलांच्या हाती लागलं तर लागू दे.

माफी मागावी म्हणून बसले होते खरं. पण नात आत्ता आत जाऊन पाण्याचा पेला भरून आली, उभ्या उभ्या गोळी घेतली आणि खोलीचं दार लावून घेतलं, दोन मिनिटांत सगळं झालं, आणि मला तिची कीव आली. अव्वा, ती सकाळ परत आली, तू पाटावर बसलीस, हनुवटी धरून मोजायला लागलीस, तर याही वेळी मी तुला दुधाचं सांगेन की नाही, मला सांगता येत नाही.