पिराचा फकीर

गडहिंग्लज, १९७८

सयाजीदादा,

तुमच्या आईनं पिराला नवस केला, मग तुम्ही झालासा. म्हणून दर मोहरमला फकीर होऊन पयली भीक आमच्याच दारात मागायचा. वकील झाल्यावर पिराचा कट्टा वाचवाय कोर्टात तुम्हीच भांडला. आणि आज आमदार होऊन स्टेजवरनं म्हणाला, "कट्टा रस्त्यात येतोय, पाडा!" माझा मालक इलाही उठला, तर गावातल्याच माणसाला "पावणं, खाली बसा"? तुमचा वकिलीचा काळा कोट त्यानंच शिवलाय की!

सांजंला तुमची आई आलती. तिला सभेतलं काय ठावं न्हाय. तुमच्या पोराला यंदा फकीर करायचा, माझ्या हातनं बांधाय म्हणून हिरवा नाडा देऊन गेली.

हे पत्र टाकत न्हाय. टाकलं तर आधी तिच्याच हातात पडंल.

तुमची बहीण,
मेहमुदा