आठवड्याची गोळी आणि परातीतली भाकरी

प्रिय रत्नमाला,

ताहेराचा तुला सलाम, आणि तुझ्या सासूबाई शेजारी बसल्या असतील तर त्यांना नमस्कार. सोयगावात सगळे खुशाल असतील अशी आशा करते. तुझे गुडघे काय म्हणतात? जिना चढताना अजून कठडा धरतेस का? इथं मी सुनेकडं बरी आहे. (अरफा सोन्यासारखी पोरगी आहे, फक्त चहात साखर घालायला तिचा हात धजत नाही.) फोन सोडून पत्र कशाला, असं तू म्हणशील. तर फोनवर तू मध्येच बोलतेस आणि माझी गोष्ट अर्धी राहते. सिल्लोडच्या शाळेत आपले वर्ग शेजारी होते, तेव्हाही माझा धडा रंगात आला की तू खडू मागायला यायचीस.

माझा संधिवात तुला माहीतच आहे. सकाळी बोटं वळायची नाहीत, वेणीसुद्धा अरफा घालायची. मग क्रांती चौकाजवळ सृष्टी मॅडमचा दवाखाना सापडला. (सांध्यांच्या डॉक्टर. वय आपल्या शेवटच्या तुकडीतल्या पोरींएवढं, पण नजर हेडमास्तरची.) त्यांनी आठवड्यातून एकदा घ्यायची एक गोळी सुरू केली. चार-पाच महिन्यांनी मी स्वतःच्या हातानं भाकरी थापली, आणि अल्लाहचे आणि मॅडमचे एकाच दमात आभार मानले.

एके दिवशी मॅडम म्हणाल्या, लोक या गोळीला भिऊन ती बंद करतात नाहीतर गावाकडच्या पुड्या खातात. तुम्ही शिक्षिका आहात, पेशंटांच्या महिन्याच्या बैठकीत त्यांना समजावून सांगाल का? त्यांचं वाक्य संपायच्या आत मी हो म्हणाले. रिटायर झालेल्या बाईला फळा दाखवून बघ, रत्नमाला, ती दुखणंसुद्धा विसरते.

पहिल्या बैठकीत मी धोके घेतले. अभ्यासक्रम अर्धा सोडायची सवय मला कधीच नव्हती. तोंड येतं, मळमळतं, केस गळतात, रक्तातल्या पेशी कमी होऊ शकतात, यकृतावर ताण येतो, ताप अंगावर काढायचा नाही, सगळं सांगितलं. तोंड आलं तर गोळी थांबवून थेट दवाखाना गाठायचा, हे तर सगळ्यांकडून दोनदा म्हणवून घेतलं. यकृताचं चित्र काढलं, ते वांग्यासारखं आलं. (एका काकांनी विचारलं, म्हणजे वांगं बंद का?) तास संपला तेव्हा निम्मे लोक उरलेल्या गोळ्या मेडिकलवाला परत घेईल का, याची चौकशी करत होते. एक बाई चप्पल घालता घालता म्हणाली, यापेक्षा दुखणं परवडलं. मॅडम रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "काय होऊ शकतं ते सांगितलंत. किती जणांना होतं, आणि गोळी घेतलीच नाही तर बोटांचं काय होतं, ते राहिलं."

म्हणून पुढच्या बैठकीत मी फायदे घेतले. घरून परात आणि ज्वारीचं पीठ नेलं आणि सगळ्यांसमोर भाकरी थापली. काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू. गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची, जास्त घेतली तर घात होतो, हे मी सुरुवातीलाच सांगितलं होतं. पण केरबा आणि राजाबाई तेव्हा एसटीत होते. हे जोडपं सिल्लोडकडचं, घरी मेंढरं. पहिल्या बैठकीला दोघं मागं बसले होते, आणि माझं ऐकून केरबानं मॅडमनी लिहून दिलेली गोळी तोंडातच घातली नव्हती. या वेळी बस उशिरा आली. दारातून आत आल्यावर त्याला दिसली ती फक्त भाकरी. त्यानं हिशेब केला, आठवड्याला एक घेऊन बाईचे हात एवढे चालतात, तर रोज एक घेतली की आपण मेंढरामागं पळू. तो रोज घ्यायला लागला. राजाबाईला वाटलं, मॅडमनीच सांगितलं असंल.

थोड्याच दिवसांत त्याचं तोंड आतून सोललं, पाणी गिळवेना. राजाबाईनं गोळ्यांचं पाकीट पदरात बांधलं आणि मिळेल त्या गाडीनं त्याला घेऊन आली. मॅडमनी लगेच भरती केलं. ही गोळी रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं, असं त्या मला सरळ म्हणाल्या. रक्तातल्या पेशी खाली गेल्या होत्या. उतारा म्हणून दुसरं औषध सुरू झालं.

मी वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसले, दुआ पुटपुटत. मला तर तिथं तोंड दाखवायचीही लाज वाटत होती. राजाबाईनं फडक्यातली अर्धी भाकरी माझ्यापुढं धरली. मी म्हणाले, "राजाबाई, हे माझ्यामुळं झालं."

ती म्हणाली, "व्हय, तुमच्या भाकरीमुळं झालं. पर तोंडाचं बी तुम्हीच सांगितलं व्हतं. नाय तर म्या घरी तूप लावत बसले असते."

मग दोघींनी ती भाकरी खाल्ली. मला रडू येत होतं आणि ठेचा तिखट होता, त्यामुळं कशाचं पाणी आलं ते कुणाला कळलं नाही.

केरबा वाचला, रत्नमाला. रक्तातल्या पेशी भरून आल्यावर मॅडमनी पुन्हा तीच गोळी सुरू केली, आठवड्यातून एकदा. ती आता राजाबाईच्या ताब्यात असते आणि गावच्या बाजाराच्या दिवशीच बाहेर निघते. गेल्या बैठकीत मी फायदे आणि धोके शेजारी शेजारी सांगितले, कुणाला होतं, कितींना होतं, होऊ नये म्हणून रक्त वेळच्या वेळी का तपासायचं, सगळं. शेवटी केरबा आपणहून उठला. म्हणाला, "म्या रोज खाल्ली. तुमी खाऊ नका. पर बंद बी करू नका, माझी मूठ आता वळतीया." आणि त्यानं मूठ करून दाखवली. त्या दिवशी मेडिकलवाल्याची चौकशी कुणी केली नाही.

मी या माणसांची लई ऋणी आहे. मॅडमनी मला घरी पाठवलं नाही, केरबानं माझं तोंड बघायचं सोडलं नाही, आणि राजाबाईनं खरं सांगून वर जेवू घातलं. सासूबाईंना माझी आठवण सांग.

तुझीच,
ताहेरा

ता. क. तुझी जाऊबाई देते ती पुडी दोन दिवसांत गुडघे मोकळे करते, असं तू मागं म्हणालीस. ती घेऊन गुरुवारी इकडं ये. तिच्यात काय आहे ते मॅडमना बघू दे. तोवर आपल्या मनानं एकदम बंदही करू नकोस (अशा पुड्यांत कधी स्टेरॉइड असतं, ते एकदम तोडलं तरी बाधतं), आधी त्यांना फोन कर. नंबर मागं लिहिलाय.

आणखी एक ता. क. पुडी नसली तरी ये. माझी रक्ततपासणी कधीची राहिली आहे. सगळ्यांना तपासा तपासा सांगते, पण मला सुई बघवत नाही. रिपोर्ट आल्याशिवाय पुढच्या गोळ्या लिहिणार नाही, असं मॅडमनी बजावलंय. तू फक्त माझा दुसरा हात धर आणि काहीतरी बोलत राहा. अरफानं विचारलं तर सांभाळून घे. तुलाच सुईची भीती वाटते, म्हणून मी तुझ्यासोबत जातेय, असं मी तिला सांगितलंय.