एकही रकाना कोरा राहणार नाही

२२ जुलै, सोमवार
आडी महिना, म्हणजे तमिळ आषाढ. मुहूर्त नाहीत, त्यामुळे मदुरैतल्या आमच्या विवाहमंडळात फक्त पंखे चालू. माझ्यासारख्या संगणक सांभाळणाऱ्या माणसाला विचार करायला उत्तम काळ. चार हजार फॉर्म तपासले. निम्म्यांत वय जुनं, मंगळाचा रकाना कोरा. लोकांना शिस्त म्हणून नाही. संकल्प: लग्नसराईचा आवणी महिना लागायच्या आत एकही रकाना कोरा राहणार नाही.

२४ जुलै
मालकीणबाईंना, म्हणजे लोचना अक्कांना, ट्रिगर समजावला. माणसाने फक्त जन्मतारीख, वेळ आणि गाव भरायचं. सेव्ह दाबलं की डेटाबेस स्वतः वय काढणार, पंचांगाच्या प्रोग्रॅमला विचारून मंगळ लिहिणार, आणि कोणी कधी काय बदललं तेही टिपून ठेवणार. अक्का म्हणाल्या, म्हणजे कुयिलीचं काम वाचलं की! कुयिली फॉर्म भरते आणि तासन्‌तास फोनवर बोलते. तिचं तोंड उतरलं. प्रगती म्हटली की असं व्हायचंच.

२६ जुलै, दुपारी ४
कुयिली टेबलाशी आली. म्हणाली, अण्णा, कोरा रकाना म्हणजे विसरलेला रकाना नव्हे. आईबाप फोनवर हळूच सांगतात, ते मी डोक्यात ठेवते आणि जोडीला जोड लावते. मी म्हणालो, डोक्याचा बॅकअप घेता येत नाही. ती म्हणाली, तुमच्या डोक्याचा घेऊन करायचंय काय? चिडली, म्हणजे तिला पटलं.

२ ऑगस्ट
ट्रिगर चालू! नव्या फॉर्मवर लगेच चालतो, जुन्यात काहीही बदललं की त्यावरही. कुयिली बंद करील या संशयाने त्याचा पासवर्ड फक्त अक्कांकडे ठेवायला लावला. जन्मतारीख शाळेच्या दाखल्याशिवाय बदलता येणार नाही. शिवाय स्थळांना जाणाऱ्या माहितीपत्रकाच्या मागे सगळे फेरफार छापले जाणार. पत्रकं दर शुक्रवारी एक वाजता आपोआप ईमेलने जाणार. अक्का म्हणाल्या, चेळिया, तू नसतास तर काय झालं असतं? मीही तोच विचार करत होतो.

९ ऑगस्ट
माझ्यासाठी कारैकुडीचं स्थळ! कुयिलीनेच सुचवलेलं. वेण्णिला, शाळेत गणित शिकवते. फोटोत चष्मा आणि छान हसू. फोटो चार वेळा पाहिला (अम्मा म्हणते चौदा). सत्तावीस नकारांनंतर ही पहिली, जिच्या घरून 'या' असं आलं. रविवारी अठराला सोज्जी-भजी खायला, म्हणजे मुलगी बघायला, जायचं. त्याआधी तिच्या वडिलांना माझं ताजं पत्रक हवंय. अम्मा म्हणाली, कण्णा, एवढं तरी हातचं घालवू नकोस रे. मी काय घालवणार? पण खरंच, या वेळी मनापासून वाटतंय की हे व्हावं.

१६ ऑगस्ट, शुक्रवार, सकाळी ११
माझ्या फॉर्मवर नवा फोटो चढवला. या फोटोत केस जास्त दिसतात. सेव्ह.
वय ३८. मंगळ: आहे.

११.०५
आधी तेहतीस होतं. पाच वर्षांपूर्वी फॉर्म भरला तेव्हा मी तेहतीसचाच होतो. नंतर कोणी बदललं नाही, यात माझा काय दोष? मंगळाचा रकाना अम्माने कोरा सोडला होता. का, ते मी कधी विचारलं नाही.

११.१०
तेहतीस टाकलं. ३८ झालं.

११.१२
पुन्हा तेहतीस. पुन्हा ३८. ट्रिगर निर्दोष आहे, हे मान्य करायलाच हवं.

१२.४०
अक्का तिरुचेंदूरच्या देवळात, फोन बंद. कुयिली विचारत होती, अण्णा, काही अडलंय का? म्हटलं, टेस्टिंग चालू आहे. तेहतीस. ३८.

१.००
पत्रक गेलं.

१८ ऑगस्ट, रविवार, कारैकुडीहून परतीची बस
सोज्जी गोड, भजी गरम. वेण्णिलाचे वडील, निवृत्त पोस्टमास्तर, पत्रक घेऊनच बसले होते. मी म्हणालो, डेटाबेसमध्ये चूक आहे. ते म्हणाले, तंबी, चूक कसली? आमची सदतीसची आहे. मंगळ तिलाही आहे, म्हणून तर कुयिलीबाईंनी ही गाठ घातली. तुमच्या आईशी बोलणं झालंय. अम्माने मान डोलावली. मी सोज्जी दुसऱ्यांदा घेतली.

मग वेण्णिलाने पत्रक उलटं केलं. म्हणाली, मागची बाजू मी मोजली. एकोणीस वेळा. घाबरून एकदा खोटं लिहिलं तर मला कळतं, मीही लिहिलं असतं. पण दोनदा गणित चुकलं की माझे विद्यार्थी वही घेऊन विचारायला येतात. कुयिली तुमच्या शेजारीच बसते ना? तिला एकदा तरी विचारायचंत.

नकार अठ्ठाविसावा. अम्मा खिडकीबाहेर बघतेय.

२० ऑगस्ट
मुळात दोष कागदाचा. एकाच बाजूला छापलं असतं तर हे झालं नसतं. अक्कांनी मंगळाचा रकाना पुन्हा कुयिलीकडे दिला. वय आणि फेरफार राहू देत म्हणाल्या, चेळियनला तेवढीच शिस्त लागेल. कुयिली आज चिडवायला आली नाही. न मागता कॉफी ठेवून गेली. तेच जास्त लागलं.

११ सप्टेंबर
कुयिली म्हणाली, वेण्णिलाचं ठरलं, तंजावरच्या माणसाशी. मी वय विचारलं. एक्केचाळीस, म्हणाली, त्याने स्वतःच लिहिलेलं. चांगलं झालं, असं मी म्हणालो. तसं वाटलं मात्र नाही.

संध्याकाळी माझा फॉर्म उघडला, फोन नंबर बदलायचा होता. सेव्ह दाबलं. वय ३९.

खोडायला गेलो नाही. सकाळपासून माझा वाढदिवस लक्षात ठेवणारा तो ट्रिगर पहिलाच होता.