एका कपाचं मशीन

प्रिय धाकटे,

परवा फोनवर मी कॉफीचं मशीन घेतलं म्हणाले, तर तू इतकी हसलीस की तुझ्या समोरच्या पेशंटला श्रवणयंत्राशिवाय ऐकू आलं असेल. म्हणालीस, ताई आणि मशीन? मिक्सरचं झाकण न लावता बटण दाबणारी ताई? हसून घे. पण त्या हसण्यात मला जे सांगायचं होतं ते राहून गेलं, आणि फोनवर विषय बदलण्यात तुझा हात कुणी धरणार नाही, म्हणून हे पत्र लिहितेय. निवांत बसून वाच. मधल्या ओळी गाळून शेवटाकडे उडी मारू नकोस. तुझी ती सवय मला चांगली माहीत आहे.

महिनाअखेरीस तू परत येणार म्हणतेस. सहा महिन्यांसाठी गेलीस, तिथल्या दवाखान्याने कायमची राहा म्हटलं, आणि तू नाही म्हणालीस. का, म्हणून विचारलं की तुझं एकच उत्तर असतं, "आणि तुझं कोण बघणार?" म्हणजे माझं बघायला कुणी लागतं की नाही, एवढ्यावर तुझं तिथलं राहणं अडलंय. तेव्हा आधी माझंच सांगते, खरं खरं.

तू गेल्यापासून मी तीन पातेली जाळली. दोन फेकली, तिसरं अजून आहे, त्याची गोष्ट पुढे येईल. दूध गॅसवर ठेवायचं, तेवढ्यात प्रुफाचं एक पान डोळ्यांखालून घालू म्हणून टेबलाशी बसायचं, आणि मग शेजारच्या डॉक्टरीणबाईंनी दारावर थाप मारून विचारायचं की काही जळतंय का. तीस वर्षं सकाळी साडेसहाला माझ्या उजव्या हाताशी कप येऊन बसायचा. तू टेबलावर बोटाने दोनदा टकटक करायचीस, कारण हाक मारून उपयोग नसायचा. तुझे कान ठणठणीत आहेत, लक्षच ठिकाणावर नाही, हे निदान तू कॉलेजात असतानाच केलं होतंस. आता टकटक नाही, तर कॉफीही नाही. दोन महिने मी छापखान्याच्या कँटीनमध्ये ते कोमट पाणी पीत होते. तुला सांगितलं नाही, कारण तू लगेच बॅग भरली असतीस.

तर एका शनिवारी मी त्या चौकातल्या मोठ्या दुकानात गेले. तुला ठाऊक आहे, आपण तिथे फक्त पंखे बघायला जातो आणि घेत नाही. कॉफी मशीनच्या कपाटापाशी एक जाड चष्म्याच्या बाई होत्या, गुडघ्याला पट्टा बांधलेल्या, दिवसभर उभं राहून वैतागलेल्या. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "घरात माणसं किती?" मी म्हटलं, दोन. सवयीने निघून गेलं तोंडातून. मग त्यांनी मला दोन नळ्यांचं, एका वेळी दोन कप काढणारं, दूधही स्वतःच फेसाळणारं एक धूड दाखवलं. दुधाची नळी रोज धुवायची, नाहीतर वास मारते म्हणाल्या. मी ऐकत होते, मान हलवत होते. विचार करून येते असं सांगून बाहेर पडले. घरी आल्यावर जेवलेही नाही नीट.

पुढच्या शनिवारी पुन्हा गेले. बाईंनी ओळखलं, पण प्रश्न तोच. या वेळी मी म्हटलं, एक. मुळीच अवघड नाही तो शब्द, दोन अक्षरी आहे, पण मला दोनदा म्हणावा लागला, कारण पहिल्यांदा त्यांना ऐकूच गेला नाही. त्यावर त्या बाई एकदम मोकळ्या झाल्या. म्हणाल्या, मीही एकटीच आहे, मग त्या दुधाच्या भानगडीत पडूच नका. आणि त्यांनी खरोखर मन लावून दाखवलं. एक लहानसं होतं, दिसायला गोंडस, पण त्याचा दांडा खाली दाबायला पैलवान हवा, शिवाय नळी इतकी खाली की घरून नेलेला माझा मोठा कप तिच्याखाली मावेना. कप तिरका धरून पाहिला, तर त्या म्हणाल्या, रोज असंच करणार का? दुसरं घरघर इतकी करायचं की शेजारच्या फ्रिजपाशी उभं असलेलं जोडपं वळून बघायला लागलं. तिसरं मी घेतलं. अरुंद आहे, ओट्यावर डब्यांच्या शेजारी अंग चोरून उभं राहतं. मागे पाण्याची टाकी, पाच-सहा कपांची. वरून एका कपापुरत्या कॉफीची बंद डबी, म्हणजे कॅप्सूल, टाकायची, झाकण लावायचं, एक बटण. कप भरला की स्वतःहून थांबतं, आणि आपण विसरलो तर थोड्या वेळाने आपणहून बंद होतं. हे शेवटचं ऐकलं आणि माझा जीव भांड्यात पडला. बंद होतं ना नक्की, हे मी तीनदा विचारलं.

एक खोट आहे. त्याला त्याच कंपनीच्या कॅप्सूल चालतात, दुसऱ्या बसत नाहीत. बाई म्हणाल्या, हे लग्नासारखं आहे, एकदा घरी नेलं की मग त्याच घरच्यांशी संबंध. शिवाय दर कपामागे एक रिकामी डबी कचऱ्यात जाते, ते माझ्या जिवाला लागतं. मी त्या धुऊन खिडकीत मांडल्यात. काय करायचं ते अजून सुचलेलं नाही. चव म्हणशील तर बरी आहे. तुझ्या कॉफीची सर नाही, ते मी उगाच लपवत नाही. पण गरम असते, वेळेवर असते, आणि पातेलं जळत नाही.

माहितीपुस्तिका मी पहिल्याच दिवशी वाचून काढली, हातात पेन्सिल घेऊन. अकरा चुका सापडल्या. दहा किरकोळ होत्या, ऱ्हस्व-दीर्घाच्या. अकरावी मात्र पाहून मी उठून उभी राहिले. ठळक अक्षरांत छापलंय, "टाकीत पाणी नसताना यंत्र चालू करणे." मधे "न" हवा होता, "चालू न करणे." एवढासा शब्द गळला की सरळ उलटंच सांगून मोकळे. कंपनीला पत्र पाठवलंय. छत्तीस वर्षं हेच करतेय ना मी. चुकीचा शब्द कुणालाही दिसतो गं, तो डोळ्यांत खुपतो. गळलेला शब्द शोधायला मुरलेला डोळा लागतो, कारण तिथे बघायला काहीच नसतं.

आता ऐक. तिथे गेल्यावर दुसऱ्या महिन्यात तू मला सांगितलंस की एक रोपवाटिकावाले वडिलांना घेऊन येतात, म्हातारे यंत्र कानात ठेवत नाहीत, खिशात ठेवतात. पुढच्या फोनला बागवाल्यांनी तुला मोगऱ्याची छाटणी शिकवली होती. मग बागवाले असं म्हणतात, बागवाल्यांची गाडी बंद पडली, बागवाल्यांनी इथल्या आपल्या गॅलरीसाठी रोपं पाठवलीत. एका फोनमध्ये मी मोजलं, नऊ वेळा बागवाले. मी ऐकायची आणि गालातल्या गालात हसायची. शेहेचाळीस वर्षांची तू, कानाच्या पडद्यांवर लेख लिहिणारी, पण आवाज पार कॉलेजातला. आणि मग एका आठवड्यात ते नाव गायब झालं. पुढच्याही आठवड्यात नाही, त्याच्या पुढच्याही नाही. तू हवेबद्दल बोलत होतीस, ऑडिटबद्दल बोलत होतीस, आणि मधे एक शब्द गळलेला मला स्वच्छ दिसत होता. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती.

ते येऊन गेले, धाकटे. मशीन घेण्याच्या आधी, एका रविवारी सकाळी. तुला सांगू नका म्हणाले होते, पण मी सांगतेय, त्यांची माफी मी मागेन. रोपांच्या निमित्ताने पत्ता त्यांच्याकडे होताच. बियाणं घ्यायला शहरात आलो म्हणाले आणि स्वतःलाच ते पटत नसल्यासारखे खाली बघत राहिले. आधी गॅलरीत गेले, सुकलेली पानं खुडली, एक कुंडी उन्हात सरकवली. मग खुर्चीच्या कडेवर बसले. मी कॉफी ठेवली आणि बोलण्याच्या नादात अर्थातच दूध करपलं. तशीच दिली. त्यांनी ती शेवटपर्यंत प्यायली, चेहऱ्यावर काही न दाखवता, आणि मी आत पाणी आणायला गेले तर हा माणूस मोरीपाशी उभा राहून करपलेलं पातेलं घासतोय. ते हे तिसरं पातेलं. चकचकीत आहे आता.

त्यांनी तुला लग्नाचं विचारलं आणि तू नाही म्हणालीस, हे त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं, तुझ्याबद्दल एकही वाकडा शब्द न काढता. तू त्यांना म्हणे सांगितलंस, माझी ताई एकटी राहू शकत नाही, तिच्या पाठीचं दुखणं आहे, सकाळची कॉफीसुद्धा तिला हातात द्यावी लागते. तुझं मन वळवा, असं सांगायला ते आले नव्हते. मीच त्यांच्याकडे राहायला येईन का, हे विचारायला आले होते. म्हणाले, खालची खोली रिकामी आहे ताई, जिने चढायला नकोत, तुमच्या पाठीला बरं. पलंगासाठी टणक गादीही बघून ठेवली होती त्यांनी. मला त्यांच्याकडे बघवेना. मी नाही म्हटलं. माझं काम इथे आहे, माणसं इथे आहेत, हे खरंच आहे, आणि नव्या घरात पहिल्या दिवसापासून तुझ्या मागे माझा पलंग नको, हेही खरं आहे. पण नाही म्हणायचं मोठं कारण वेगळं होतं, आणि ते मला त्यांना सांगता आलं नाही. ते गेले आणि पुढच्याच शनिवारी मी दुकानात गेले.

बारा वर्षांपूर्वी तू दोन वर्षांच्या शिक्षणासाठी परदेशी निघाली होतीस. नुकत्याच जन्मलेल्या बाळांचे कान तपासण्याचं ते काम, ज्याच्यासाठी तू वेडी झाली होतीस. तिकीट आलं होतं. आणि निघायला बारा दिवस असताना माझी पाठ धरली. धरली ते खरं होतं, मी जमिनीवरून उठू शकत नव्हते. पण तू औषधं आणायला गेलीस तेव्हा डॉक्टर मला म्हणाले होते, घाबरू नका, आठ दिवसांत हिंडाफिरायला लागाल. तू परत आलीस, काय म्हणाले विचारलंस, आणि मी म्हटलं, दीड महिना. तोंडातून कसं निघालं ते मला माहीत नाही. आई जाऊन वर्ष झालं होतं, घर रिकामं व्हायला निघालं होतं, मला फार भीती वाटली. नवव्या दिवशी तू बाजारात गेली असताना मी उठून घरभर फिरले आणि तुझी पावलं ऐकून परत आडवी झाले. तू त्याच संध्याकाळी तिकीट रद्द केलंस. कधी एका शब्दाने बोलली नाहीस, उलट बारा वर्षं माझ्या पाठीला जपत आलीस, आणि आता त्याच पाठीपायी एका भल्या माणसाला नाही म्हणालीस. हे मशीन, ही पातेली, सगळं लिहिलं ते इथपर्यंत यायचा धीर होत नव्हता म्हणून. माझी पाठ ठीक आहे, धाकटे, तेव्हापासूनच ठीक आहे. एकटं राहायची भीती अजून वाटते, पण ती माझी आहे, तिच्यावर उपाय तू नाहीस. त्यांना हो म्हण. आणि माझ्यावर हवं तितकं रागाव, महिनोन्महिने फोन करू नकोस, मी तक्रार करणार नाही. फक्त तिथेच राहून रागाव. माझ्यासाठी परत येऊ नकोस.

तुझीच, आणि यापुढे तुझ्याशी खरं बोलणारी,
ताई