शेवटून दुसरी

प्रिय गोळीबाई,

तुझ्या-माझ्या दुकानांच्या मध्ये एक भिंत आहे, आणि मी तुला पत्र लिहितेय. हस, खुशाल हस. पण समोर आले की मी काहीतरी थट्टा करून मोकळी होते, आणि तू गिऱ्हाइकाला विचारावं तसं ‘पिशवी हवी का’ विचारतेस. दोन महिने हेच चाललंय. म्हणून आज अल्टरचे कपडे बाजूला सारले, मशीनवर झाकण घातलं आणि लिहायला बसले. आधी बातमी सांगते. केले गं मी सायकलवर शंभर किलोमीटर! मुदत सात तासांची होती, मी सहा तास छप्पन्न मिनिटांत पोचले. शेवटून दुसरी आले, पण आले. शेवटच्या पट्ट्यापलीकडे पाऊल टेकलं आणि पहिल्यांदा तुलाच सांगावंसं वाटलं. मागे वळूनसुद्धा पाहिलं, वेड्यासारखं. तू रविवारी पुन्हा सायकल घेऊन पत्रपेटीच्या कोपऱ्यावर यावंस, एवढंच मला हवंय. बाकी सगळं त्याच्या आजूबाजूचं आहे.

तुला आठवतं, हे खूळ तूच माझ्या डोक्यात घातलंस. दीड वर्षापूर्वी माझं ब्लडप्रेशर मोजताना म्हणालीस की गोळी तर देतेच, पण बाई, बसून बसून तुझं गाठोडं होईल, सायकल घे. एक्कावन्नाव्या वर्षी सायकल! पहिल्या आठवड्यात मी कुंपणाच्या झुडपात घुसले, तेव्हा तू मला आधी बाहेर काढायचं सोडून पोट धरून हसत होतीस. मी भीतीपोटी सीट इतकी खाली ठेवली होती की गुडघे हनुवटीला लागायचे. शेवटी तूच माझ्या गळ्यातली टेप ओढून घेतलीस आणि माझ्या पायाचं माप काढलंस. जगाची मापं घेतेस आणि स्वतःचं माहीत नाही, असं वर ऐकवलंस. अजून ती सीट तू लावलीस तिथेच आहे.

तर त्या दिवशी पहाटे नाव नोंदवायच्या टेबलाशी गेले. साठ-पासष्ट जण असतील. सगळे शिडशिडीत, अंगाला चिकटलेले कपडे. मी आपली त्यांच्या शिवणी बघत बसले, सवय जाते थोडीच. माझा नंबर एक्केचाळीस. टेबलावरची मुलगी बेचाळीस, बेचाळीस म्हणून तीनदा ओरडली. तो तुझा. आपण दोघींनी एकदमच पैसे भरले होते ना. ती नाव खोडायला निघाली तेव्हा मी म्हटलं, तो माझ्याकडे द्या, येईलच ती. खोटं बोलले. तुझा नंबर दिवसभर माझ्या मागच्या खिशात होता, केळ्यांच्या शेजारी. त्यामुळे थोडा चिकट झालाय.

जाताना मजा आली, खोटं कशाला बोलू. वारा पाठीशी होता, रस्ता मोकळा होता. तिसाव्या किलोमीटरला अग्निशमन केंद्राच्या आवारात पहिला शिक्का मिळाला, तिथल्या बंबवाल्याने माझ्या फेरीच्या पिवळ्या हजेरी-कार्डावर इतक्या जोरात मारला की शाई बोटांना लागली. पन्नासाव्याला पूल, तिथून मागे फिरायचं. पुलावर उभी राहून मिठातले उकडलेले बटाटे खाल्ले आणि खाली पाण्याकडे बघत राहिले. पाय भरून आले होते, पण जीव कसा हलका झाला होता. दुकानात दिवसभर मान खाली घालून बसणारी मी इथवर माझ्या पायांनी आले, याचं मलाच कौतुक वाटलं. तू असतीस तर तूही केलं असतंस, आणि लगेच दोन टोमणेही मारले असतेस.

येताना वारा तोंडावर आला. एकेक जण पुढे निघून गेला. ब्याऐंशीव्या किलोमीटरला, पाण्याच्या टाकीच्या चढावर, सायकल जड लागायला लागली. मला वाटलं, माझंच वय झालं. उतरून बघते तर मागचं चाक बसलेलं. पंक्चर काढायचं सामान होतं, पण ते काम नेहमी तुझं. तू औषधं मोजणाऱ्या त्या नाजूक बोटांनी टायर सोडवायचीस आणि मी शेजारी बसून गप्पा मारायची. दोघं जण जाताना ठीक आहे ना म्हणून विचारून गेले, मीही तोऱ्यात हो हो म्हटलं. मग अक्कल आली. मागून एक निळ्या टोपीवाला आला, त्याला मी घसा ताणून हाक मारली, अहो थांबा जरा. तो थांबला नाही. पण त्याने ऐकलं. हाक ऐकल्यावर मान किंचित वळते ना, एवढीशी, तशी वळली आणि पुन्हा सरळ झाली. मग त्याच्या पायांनी जोर धरला. त्याला शिव्या घालायला तोंड उघडलं आणि शिवीच बाहेर येईना. मी तिथेच रस्त्याच्या कडेला मातीत बसले.

पंधरा मिनिटांनी शेपूट आलं. घाबरू नकोस, माणूसच तो. सगळ्यांच्या मागून एक जण चालवतो, त्याला तिथे शेपूट म्हणतात. त्याने कोणाच्याही पुढे जायचं नाही, एवढा एकच नियम. निवृत्त पोस्टमन आहेत, पांढऱ्या मिश्या, गळ्यात शिट्टी. मला वाटलं, आता हे चाक दुरुस्त करतील. छे! ते मैलाच्या दगडावर बसले, माझ्याकडचंच एक केळं मागून घेतलं आणि मला एकेक सांगत राहिले, आता हे सोडव, आता तिथे बोट फिरव. बोट फिरवलं आणि टोचलं. काय निघालं असेल? टाचणी! माझ्याच दुकानातली, गोल डोक्याची. सायकल रात्री दुकानात ठेवते ना मी, कापायच्या टेबलाखाली. तिथली टाचणी टायरमध्ये घुसून बसली होती आणि इतक्या लांबवर हळूहळू हवा सोडत आली होती. तोंडात टाचण्या धरून बोलते म्हणून तू माझं नाव टाचणी ठेवलंस, आणि मला रस्त्यात बसवलं ते टाचणीनेच. पोस्टमनकाका इतके हसले की केळं हातातून पडलं. मीही हसले. आणि मग हसता हसता रडले. त्यांनी पंप पुढे केला.

पुढचे अठरा किलोमीटर ते माझ्या मागे होते. एकदाही घाई कर म्हणाले नाहीत, घड्याळाकडे मीच बघत होते. पाय नुसते पेटले होते. मी म्हटलं, काका, तुम्ही जा पुढे, माझ्यापायी तुम्हालाही उशीर. ते म्हणाले, चाळीस वर्षं शेवटचं पत्र टाकल्याशिवाय घरी गेलो नाही, आता म्हातारपणी कुठे सवय मोडता. मागे कोणीतरी आहे एवढ्यावर माणूस किती चालवू शकतो, हे मला त्या दिवशी कळलं. मुदत संपायला चार मिनिटं होती. शेवटच्या पट्ट्याच्या अलीकडे त्यांनी ब्रेक दाबून पाय टेकला आणि मला पुढे जायची खूण केली. म्हणून मी शेवटून दुसरी. उरलेल्या पोरापोरींनी टाळ्या वाजवल्या, कोणीतरी लिंबूसरबताचा पेला हातात दिला. आनंद झाला का विचारशील, तर झाला. अजून आहे. सकाळी जिना उतरताना मांड्या ओरडतात, आणि मला तेही गोड वाटतं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. दोन महिन्यांपूर्वी आपण साठ किलोमीटरच्या सरावाला गेलो होतो, तेव्हा त्याच टाकीच्या चढावर तुझी साखळी तुटली. तू हाक मारलीस. मी निघून गेले. तू दीड तास उन्हात बसलीस आणि शेवटी गाद्यांच्या टेम्पोत, दोन गाद्यांच्या मध्ये बसून परत आलीस. मी ती गोष्ट चार लोकांत विनोद म्हणून सांगितली, आणि तुला म्हटलं की वाऱ्यात ऐकूच आलं नाही. गोळे, मला ऐकू आलं होतं. ‘टाचणे, थांब गं’ म्हणालीस तू. मला चार तासांच्या आत पोचायचं होतं, म्हणून मी थांबले नाही. आणि माझीही मान वळली होती, एवढीशी. तुला ती दिसली असणार. म्हणून तू भांडली नाहीस, नुसती यायची थांबलीस. चुकलं माझं. ऐकून गेले ते चुकलं, आणि त्यावर खोटं बोलले ते त्याहून. पुढची शंभरची फेरी तीन महिन्यांनी आहे. पोस्टमनकाकांच्या कंबरेचं ऑपरेशन आहे, त्यांच्या जागी शेपूट म्हणून मी नाव दिलंय. त्यांनी शिट्टीही दिली मला. तुझा बेचाळीस नंबर आणि ती टाचणी या पाकिटात आहेत, बोट जप. फेरीत तुझं नाव घालायचं की नाही ते तू ठरव. तुला राग धरायचा असेल तर धर, तो तुझा हक्क आहे. पण रविवारी पहाटे साडेपाचला मी पत्रपेटीच्या कोपऱ्यावर आहे. तू आलीस तर तू पुढे, मी मागे. तुझी साखळी तुटो, चाक बसो, नाहीतर तुला नुसतंच झाडाखाली बसून राहावंसं वाटो, मी तुझ्या पुढे जाणार नाही.

तुझीच,
टाचणी