वाचून न दाखवलेला अर्ज

अण्णा,

तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुम्हाला पत्र लिहावं असं कधी मनात आलं नाही, आणि आता आठ दिवस झाले, दुसरं काही सुचत नाही. भाकरी थापताना, गाडी चालवताना, समोरचा माणूस बोलत असताना मी मनातल्या मनात तुमच्याशी भांडते आहे. भाकरी करपते, माणूस म्हणतो, ताई, लक्ष कुठंय. म्हणून म्हटलं, लिहून टाकावं. हेही एका बैठकीत होत नाहीये. मधेच उठते, उगाच पाणी पिते, परत बसते.

तहसीलसमोरच्या पत्र्याखाली, तुमच्याच जागेवर, मी अजून अर्ज लिहायला बसते. तुमचा टाइपरायटर घरी कपाटावर आहे. माझ्याकडे जालन्याहून आणलेला लॅपटॉप आहे, प्रिंटर आहे, आणि त्या लॅपटॉपात आता कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे. म्हणजे असं, की दोन ओळींत सांगायचं, अमुक माणसाला तमुक अर्ज हवा, की तुम्ही चष्मा पुसून होईपर्यंत पानभर शुद्ध मराठी तयार. विनंती, संदर्भ, कलम, सगळं जागच्या जागी. तुम्ही आधी खूश झाला असता. मग दुसऱ्या दिवशी खोट काढली असती, तुमची लेक आहे मी, तुम्हाला चांगली ओळखते.

टायपिंगची परीक्षा पास होऊन मी नुकतीच तुमच्या शेजारी बसायला लागले आहे, तेव्हाची गोष्ट. आष्टीकडची एक बाई आली आहे. शेजाऱ्यानं तिची म्हैस बांधून ठेवली आहे. मी ऐटीत टाइप करते, 'माझ्या मालकीचे दुभते जनावर बेकायदेशीररीत्या अडकवून ठेवण्यात आले आहे.' तुम्ही म्हणता, वाच तिला. मी वाचते. बाई इकडंतिकडं बघते आणि विचारते, "हे कोणाचं हाय?" तिला वाटलं, मी दुसऱ्याच कुणाचा कागद काढला. पत्र्याखालचे सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत, कागद फाडलात. "अंगठा तिचा घ्यायचा अन् बोलणं तुझं? हे बराबर न्हाई. साहेबाला तिचा आवाज ऐकू गेला पाह्यजे." तुमची रीतच ती होती. अर्ज मोठ्यानं वाचायचा, 'हे तुमचंच बोलणं हाय ना?' असं विचारायचं, आणि माणूस हो म्हणाला की मगच शाईची डबी उघडायची. चारचौघांत कागद फाडल्याचा मला फार राग आला होता. थोडा अजून आहे, तेही सांगून टाकते.

आता अर्ज सगळे एकसारखे झालेत. म्हशीचा, विजेच्या खांबाचा, निराधार म्हातारीचा, कुणाचाही वाचा, एकच माणूस बोलतो आहे असं वाटतं. आणि त्याला येणारं उत्तरही तसंच गुळगुळीत. अर्जही तेच यंत्र लिहितं, उत्तरही तेच लिहितं, मधे आपण फक्त शिक्के मारायला. गावाकडं कुणी वारलं तर मोबाइलवर पन्नास जणांची श्रद्धांजली येते, शब्द न् शब्द तोच. मीही तशीच होत चालले आहे. परवा वहिनी डाळ उतू गेली म्हणून चिडल्या, तर माझ्या तोंडून निघालं, "तुमच्या भावना मी समजू शकते." वहिनी चमचा धरून माझ्याकडं बघतच राहिल्या. "बरी हायेस ना तू? डॉक्टरकडं जायचं का?" मी हसले, पण आतून घाबरले.

पण खरी गोष्ट ही नाही. दिवाळीनंतर वाटूरकडचे एक आबा आले होते. धाकट्या भावानं शेतात जायची वाट नांगरून टाकली होती, आबांचं सोयाबीन रानातच अडकलं होतं. ते म्हणाले, "भाऊ हाय माझा. डोकं गरम हाय, पर दिल साफ हाय त्याचं. तेवढी वाट जल्दी मोकळी करून द्या म्हणावं साहेबाला. भांडण बिलकुल न्हाई पाह्यजे." मी लॅपटॉपला एवढंच सांगितलं, भावाने शेतरस्ता अडवला आहे, अर्ज लिही. त्यानं लिहिलं. वारंवार धमक्या, मानसिक छळ, सख्ख्या भावापासून जीवितास धोका. मी ते पाहिलं, अण्णा. पाहिलं आणि मनात म्हटलं, जोरदार झालाय, काम लवकर होईल. मागं सात-आठ माणसं उभी होती. वाचून दाखवायचं चुकून राहिलं नाही, मी ते टाळलं. आबांचा अंगठा धरला आणि टेकवला.

वाट मोकळी झाली. पण सुनावणीच्या दिवशी दोघा भावांना समोर उभं करून तो अर्ज वाचला गेला. धाकट्यानं 'वाट देतो' म्हणून सही केली आणि तो निघून गेला. तेव्हापासून त्यानं आबांचा उंबरा शिवलेला नाही. नातीच्या साखरपुड्यालाही आला नाही.

आठ दिवसांपूर्वी आबा परत आले. मला वाटलं, आता चांगलं ऐकवतील. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि माझ्यासमोर बसून हळूच विचारलं, "ताई, म्या खरंच तसं बोललो व्हतो का? घरचे सारे विचारून राह्यले. मला याद न्हाई. पर कागदावर हाय, अंगठाबी माझाच हाय. मंग बोललोच असंन." मग म्हणाले, "माझ्या मनात भावाबद्दल एवढं जहर व्हतं, अन् मलाच पत्ता न्हाई."

अण्णा, माणूस स्वतःच्या आठवणीपेक्षा कागदावर विश्वास ठेवायला लागला होता, आणि तो कागद माझा होता. माझाही नाही, कुणाचाच नाही. एका वाक्यात मी त्यांना सोडवू शकले असते. ते धाकट्याच्या दारात जाऊन सांगू शकले असते, हे माझं बोलणं न्हाई. रांगेतली माणसं ऐकत होती. माझा हात लॅपटॉपवर होता.

हे पत्र कुठं टाकायचं ते मला माहीत नाही, टाकणारही नाही. वाटूरला जावं असं रोज सकाळी वाटतं आणि रोज मी पत्र्याखाली येऊन बसते. तुम्ही विचाराल, मंग काय म्हणालीस त्यांना?

मी म्हणाले, "हो आबा, तुम्हीच बोलला होतात." आणि आबांनी मला हात जोडले.